फुलपुडीची घडी

आवळीच्या मळ्यातली सहाशे मतं पुंजाराम आबांनी मतदानाच्या महिनाभर आधीच खिशात घातली होती. एका रविवारी सकाळी त्यांनी घरटी एक कर्ता पुरुष खंडोबाच्या देवळात बोलावला, देवापुढं बेलभंडाऱ्याचं ताट ठेवलं आणि एकेकाला ते उचलायला लावलं. ‘घरातली समदी मतं आबांच्या सुनेला,’ असं म्हणायचं, भंडारा कपाळाला लावायचा आणि बाहेर पारावर येऊन चहा प्यायचा. तासाभरात काम उरकलं. ज्या बायांची मतं अशी परस्पर वाटून टाकली, त्या तेव्हा फुलं तोडत होत्या नाहीतर फुलं घेऊन शहरात गेल्या होत्या. त्यांना विचारावं असं एकाही बाप्याच्या डोक्यात आलं नाही.

आणि वॉर्ड होता बायांसाठी राखीव!

ही गोष्ट ब्याण्णव सालची. नाशिकची महापालिका होऊन दहा वर्षं झाली होती, पण निवडणूक कशी ती झालीच नव्हती. प्रशासक यायचे, खुर्ची उबवायचे, बदली होऊन जायचे. आवळीचा मळा पूर्वी ग्रामपंचायतीत होता आणि पुंजाराम आबा तिचे सरपंच होते. ग्रामपंचायत गेली तरी आबांचं सरपंचपण काही गेलं नाही. पार त्यांचा, देऊळ त्यांचं, शेवटचा शब्द त्यांचा. आता पहिल्यांदा मतदान होणार म्हटल्यावर नगरसेवकपदही घरात यावं हे ओघानंच आलं असं त्यांना वाटलं. राखीव वॉर्ड म्हणून सुनेचं, रूपालीचं नाव पुढं केलं इतकंच. रूपालीला हे कळलं तेव्हा ती ज्वारी निवडत होती, असं म्हणतात.

त्या रविवारी नवसाबाई शहरातून परतली तेव्हा पारावर चहाची दुसरी फेरी चालू होती. ओळीच्या टोकाला तिचा नवरा बहिरू बसला होता. कपाळ पिवळंधमक. बायकोला बघून त्यानं बशीत तोंड घातलं.

नवसाबाईनं डोक्यावरची रिकामी पाटी उतरवली, पदर सावरला आणि ती आबांसमोर उभी राहिली. आबा नात्यानं तिचे चुलत सासरे. एरवी ती त्यांच्यापुढून चालायची ती वाट सोडून.

“आबा, सूनबाई निवडून आली की एक काम करा. बायांसाठी संडास बांधा.”

पारावर कुणीतरी फिसकन हसलं.

“द्येवाच्या दारात हा इषय?” आबा म्हणाले. “आणि बायांनी पारावर येऊन बोलायचं? बहिरू, घरी घिऊन जा हिला.”

सगळे हसले. बहिरू हसला नाही. तो मुकाट उठला आणि बायकोच्या पुढं चार पावलं चालू लागला.

आता या विषयात हसण्यासारखं काय होतं ते त्या बाप्यांनाच ठाऊक. मळा पाटाच्या कडेला. पूर्वी पाटाला लागून बाभळी होत्या, उसाचे फड होते, आडोसा होता. शहर वाढलं, शेतांचे प्लॉट झाले, प्लॉटांवर बंगले आले आणि बंगल्यांना भिंती आल्या. आडोसा गेला. बाया पहाटे चारला पाचपाच जणींनी मिळून जायच्या. एकीनं उभं राहून राखण करायची. गाडीचा उजेड पडला की सगळ्यांनी ताडकन उठून पाठ फिरवायची. दिवसभर तहान लागली तरी पाणी प्यायचं नाही, कारण मग जायचं कुठं? नवसाबाईची चाळिशी उलटली होती. या वयातही उजेडाला पाठ करून उभं राहायचं म्हणजे तिला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. त्याहूनही तिला राग यायचा.

दुसऱ्या दिवशी ती शेजारच्या साळूबाईला घेऊन शहरात गेली. एका बंगल्यातल्या लतिकाबाई शाळेत शिकवायच्या, त्यांच्याकडून अर्ज लिहून घेतला आणि रीतसर भरून आली. संध्याकाळी बहिरूला सांगितलं.

“मी उभी ऱ्हायले.”

“कुठं?”

“इलेक्शनला.”

बहिरू पायरीवर मटकन बसला. “अगं, म्या भंडारा उचललाय. द्येवाला शबूद दिलाय.”

“मला इचारून दिला व्हता का?”

बहिरू मुळात भला माणूस. बायकोवर कधी हात उगारला नाही, ताडीच्या वाटेला गेला नाही. पण देवाला आणि आबांना सारखाच भ्यायचा, आणि त्या दोघांमधला फरक त्याला कधी नीटसा उलगडला नव्हता.

मळ्याचा धंदा फुलपुडीचा. रोज सकाळी बंगल्याबंगल्यांतून पूजेच्या फुलांच्या पुड्या पोचवायच्या. एका पुडीत दोन झेंडू, चार शेवंत्या, थोड्या दूर्वा, तुळशीची मंजिरी. इतर ठिकाणी पुडीला दोरा गुंडाळतात. आवळीच्या मळ्यात दोरा लागत नाही. वर्तमानपत्राचा तुकडा मधोमध उभा दुमडायचा, खालचा भाग वर घ्यायचा, वरचं टोक आत खोचायचं आणि अंगठ्यानं एकदा करकचून दाबायचं. मग पुडी सायकलवरून पडली तरी सुटायची नाही. लहानपणापासून हात असे बसलेले की किराणा मालाची चिठ्ठी असो की लग्नाची पत्रिका, मळ्यातल्या माणसाच्या हातात कागद आला की त्याची फुलपुडी व्हायची.

बहिरू डावखुरा. त्याच्या पुडीचं टोक उलट्या बाजूनं आत जायचं. गिऱ्हाइकं उघडायला जायची आणि फाडून बसायची. शंभर पुड्यांमधून नवऱ्याची पुडी नवसाबाई न बघता, नुसत्या बोटांनी ओळखायची.

आबांनी तिला बसवायचा प्रयत्न केला नाही असं नाही. दोनदा निरोप आला. तिसऱ्यांदा आबा स्वतः आले, ओट्यावर बसले आणि चांगल्या शब्दांत म्हणाले, “नवसे, घरातली भांडणं चारचौघांत नेऊ नाय. अर्ज मागं घे.”

“घरात कुठं भांडू देता आबा?” ती दाराआडून म्हणाली. “पारावर बोलाया गेले तर हाकललं. म्हून फॉरमात लिवून दिलं.”

आबा चहा न घेताच उठले. त्या दिवसापासून मळ्यातली माणसं बहिरूशीही फटकून वागू लागली. पिठाच्या गिरणीवर त्याचा डबा मागं राहायचा. नवसाबाईला वाईट वाटलं. पण अर्ज काही तिनं मागं घेतला नाही.

प्रचार तिला करावा लागला नाही, धंद्यानंच केला. रोज सकाळी बंगल्याच्या दारात पुडी ठेवताना ती म्हणायची, “मी उभी हाय. निशाणी कपबशी.” दाराशी आलेल्या बायका आधी चकित व्हायच्या, मग चौकशी करायच्या. निवडणुकीत उभी असलेली बाई आणि दारात फुलं टाकणारी बाई एकच, हे पचायला त्यांना दोनचार सकाळी लागल्या.

मळ्यात मात्र ती बोलली की बाया खाली बघायच्या. विहिरीवर, फुलं तोडताना, पुड्या बांधताना. शेवटी एकदा नवसाबाईनं पाटी आपटली.

“तोंडं शिवलीत का तुमची?”

भागीबाई नावाची म्हातारी हळूच म्हणाली, “आमच्या धन्यांनी भंडारा उचललाय, बाई. मोडला तर लेकराबाळांवर येतं.”

“ज्यांनी उचलला त्यांनी पाळावा!” नवसाबाई म्हणाली. “तू उचललास? तुझ्या बोटाला हळद लागली? दाखव बघू.”

म्हातारीनं खरोखरच बोटं पुढं केली. सगळ्या वाकून बघू लागल्या. बोटं झेंडूनं पिवळी झालेली होती, हे खरं, पण ती हळद नव्हती. कुणी हसलं नाही. कुणी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही.

मतदानाच्या दिवशीही त्या तशाच आल्या. फुलांची कामं उरकून दुपारी एकच्या सुमाराला, घोळक्यानं, डोक्यावरून पदर घेऊन. शाळेच्या फाटकापासून लांब, नियमाप्रमाणे, नवसाबाई लिंबाखाली उभी होती. एकीनंही तिच्याकडे मान वर करून बघितलं नाही. साळूबाई आत जाऊन मत देऊन आली आणि म्हणाली, “शिक्क्याच्या गादीवर आत्ताच नवी शाई ओतली त्यांनी. माझा आंगठा बघ कसा झालाय.” दोघींनी अंगठा बघितला आणि तो विषय तिथंच संपला.

शाईला एवढं महत्त्व येणार हे त्या वेळी कुणाला माहीत?

मतमोजणी दुसऱ्या दिवशी एका मोठ्या हॉलमध्ये होती. लांब टेबलं, जाळी, जाळीच्या अलीकडे उमेदवार आणि त्यांची माणसं. नवसाबाईबरोबर साळूबाई होती. पलीकडच्या बाकावर पुंजाराम आबा मांडी ठोकून बसले होते आणि त्यांच्या मागं, पदर कपाळापर्यंत ओढून, रूपाली. ती उमेदवार आहे हे कुणी सांगितलं नसतं तर आबांचा डबा घेऊन आली आहे असंच वाटलं असतं.

वॉर्डात बारा बाया उभ्या होत्या. मतपत्रिकेवर सहासहा नावांच्या दोन रांगा. डाव्या रांगेत वरून दुसरी नवसाबाईची कपबशी, उजव्या रांगेत वरून दुसरी रूपालीची छत्री. बाकीच्या दहाजणींना मिळून दोनशे मतं पडली. खरी झुंज या दोघींचीच.

सकाळभर गठ्ठे बांधले गेले. मध्येच एक कारकून कंटाळून म्हणाला, “या काय पुड्या बांधल्यात राव, उघडता उघडत नाहीत.” नवसाबाईनं मान वर केली, पण तेवढ्यापुरतीच.

दुपारी निवडणूक अधिकाऱ्यांनी आकडे वाचले. अधिकाऱ्यांचं नाव दिवाकर गर्गे. डोळ्यांवर जाड भिंगं, हातात पेन, दोन दिवस झोप नसावी असा चेहरा. “छत्री, बाराशे चौदा. कपबशी, अकराशे सत्त्याऐंशी.” सत्तावीस मतांचा फरक. आबांच्या बाकावरून कुणीतरी गुलालाची पिशवी हलवली.

“थांबा,” गर्गेसाहेब म्हणाले. “त्रेचाळीस मतपत्रिका संशयित आहेत. दोन दोन चिन्हांवर शिक्के आहेत.” त्यांनी वरचे चारपाच कागद चाळले. “कपबशीवरही आहे, छत्रीवरही आहे. सगळ्यांवर तसंच. बाद करावी लागणार.”

“करा बाद!” आबा म्हणाले.

नवसाबाई उठली. ती जाळीपर्यंत गेली. साहेबांनी कागद उलगडून धरला होता. मधोमध उभी घडी, मग आडवी, वरच्या टोकाला खोचल्याची तिरकी मोड, आणि मोडीवर दाबलेल्या अंगठ्याचा पुसट डाग. या खाली बघणाऱ्या, एक शब्द न बोलणाऱ्या तिच्या बाया होत्या. मतपेटीत जायच्या आधी त्यांच्या हातांनी कागदाची पुडी केली होती, आणि नव्या शाईचा ओला शिक्का समोरच्या चिन्हावर उमटला होता.

“साहेब, ही मतं बाद न्हाईत.”

“बाई, दोन शिक्के आहेत. नियम आहे.”

“दोन कुठंत? एक हाय. दुसरा उमटलाय. नीट बघा. फुलीची टोकं बघा.”

मत द्यायचा शिक्का म्हणजे बाणांची फुली. तिची चारही टोकं एका अंगाला वळलेली. नवसाबाईनं जन्मभर उंबऱ्यावर रांगोळीचं स्वस्तिक काढलं होतं. नवी सून एखाद्या दिवशी उलटं काढून ठेवते, तेव्हा ते रस्त्यावरून जाणाऱ्या बाईलाही कळतं.

“ह्या फुलीची टोकं ह्या अंगाला वळल्यात,” ती जाळीतून बोट घालून म्हणाली, “आणि हिची त्या अंगाला. उलटी फुली कुणी मारत नसतं साहेब, शिक्काच एक हाय. ही घडीनं उमटली. एक कोरा कागद द्या मला.”

कुणी द्यायच्या आत तिनं जाळीखालच्या फटीतून टेबलावरची एक पावती ओढली, उभी दुमडली, खालून वर घेतली, टोक खोचलं आणि अंगठ्यानं दाबलं. डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच पुडी फटीतून टेबलावर पडली. गर्गेसाहेबांनी ती उघडायचा प्रयत्न केला आणि फाडली.

हॉलमध्ये थोडं हसू उठलं. साहेब मात्र हसले नाहीत. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, मतपत्रिका नाकाजवळ नेली, मग दुसरी, मग तिसरी. मग पिशवीतून नियमांचं पुस्तक काढून बराच वेळ पानं उलटली. “खरं आहे,” ते शेवटी म्हणाले. “घडीमुळं उमटलेला ठसा असेल तर मत ग्राह्य धरायचं. एकेक तपासावं लागेल.”

“अजाबात न्हाई!” आबा उभे राहिले. “ही खूण हाय साहेब. समद्यांनी एकसारखी घडी घातली, ठरवून. कुणाचं मत ते वळखू यावं म्हून! खुणेचं मत बाद असतं, मला ठावं हाय, वीस वर्सं सरपंच व्हतो मी.”

हा मुद्दा बिनतोड होता. साहेबांचा हात पुस्तकावरच थांबला. नवसाबाईनं जाळी घट्ट धरली. खूण म्हणून बाद झाली तर सगळंच मुसळ केरात. आणि त्याहून वाईट म्हणजे मळ्यात घरोघरी चौकशी सुरू होणार, कुणाच्या बायकोनं घातली होती घडी म्हणून.

मग तिच्या लक्षात आलं.

“साहेब, छत्रीचा गठ्ठा सोडा,” ती म्हणाली. “ज्यांच्यावर एकच शिक्का हाय, तो गठ्ठा. त्यातबी ही घडी असंल.”

गठ्ठा सुटला. वरच्या वीस कागदांत सहा तसेच घडी घातलेले निघाले. फक्त त्यांची शाई कोरडी होती, म्हणून उमटली नव्हती.

“बघा. आख्खा मळा अशीच घडी घालतो. म्हातारी घालते, पोर घालते, आबा सोता घालतात. आबांच्या खिशात आत्ता कागद असंल तर काढून बघा.” आबांचा हात नकळत सदऱ्याच्या खिशावर गेला आणि या वेळी हॉल मोकळेपणानं हसला. “घडीवरनं येवढंच कळतं, की मत मळ्यातलं हाय. कुणाचं, ते खंडोबालाच ठावं.”

मग ती आबांकडे वळली. लग्न होऊन आल्यापासून पंचवीस वर्षांत तिनं त्यांच्या डोळ्याला डोळा दिला नव्हता. आता दिला.

“आणि आबा, मळ्यातलं मत म्हंजी तुमचंच की! घरटी भंडारा उचलून घेतलाय तुमी. समदी मतं सुनेला. मग ही त्रेचाळीस तुमचीच असणार. माझी कशी असतील? तुमचीच मतं मोजाया तुमाला भ्या वाटतं का?”

हॉलमध्ये मळ्यातले दहाबारा बाप्ये होते, भंडारा उचललेले. ते सगळे आबांकडे बघत होते. मोजा म्हणावं तर हरायची भीती, मोजू नका म्हणावं तर आपल्याच शपथेवर आपला विश्वास नाही असं कबूल करायचं! एवढ्या वर्षांत आबांना कुणी इतकं नीट कोंडीत पकडलं नव्हतं.

“माझा आक्षेप हाय,” ते एवढंच पुटपुटले.

“उमेदवार कोण?” गर्गेसाहेबांनी विचारलं. “तुम्ही की या? आक्षेप त्यांना घेऊ दे. बोला बाई, तुमची हरकत आहे का?”

सगळ्या माना रूपालीकडे वळल्या. रूपालीनं पदर थोडा मागं घेतला. तेव्हा कुठं लोकांना दिसलं की मुलगी पंचविशीच्या आतली आहे, आणि तिच्या अंगठ्यालाही झेंडूचा पिवळा डाग आहे. पहाटे पाटाच्या कडेला जाणाऱ्या पाचजणींत तीही असायची.

“मोजा,” ती म्हणाली.

“रूपाली!” आबा गरजले.

“माझी हरकत नाय, साहेब. मोजा.” आणि तिनं पुन्हा पदर ओढला.

मोजणी सुरू झाली. साहेब एकेक कागद उजेडाला धरत, फुलीची टोकं बघत आणि खरा शिक्का कुठला ते सांगत. कपबशी. कपबशी. छत्री. कपबशी. साळूबाई नवसाबाईचा दंड धरून बोटांवर मोजत होती आणि दर दहाला चुकत होती. कपबशी आणि कपबशी. बाप्ये एकमेकांकडे बघायचं टाळू लागले. जो तो आपल्या कपाळावरचा भंडारा आठवत असणार.

सव्विसाव्या कागदावर साहेब अडले. शाई इतकी फिसकटलेली की दोन्हीकडे नुसते डाग. त्यांनी भिंगातून बघितलं, कारकुनाला दाखवलं, मग दोन्ही उमेदवारांना जाळीपाशी बोलावलं. “मला समजत नाही. तुम्हाला काही दिसतं का?”

आबा सुनेच्या पुढं होऊन वाकले. त्यांना काहीच दिसलं नाही.

नवसाबाईला दिसलं. आधी दिसली ती घडी. टोक उलट्या बाजूनं खोचलेलं. तिच्या बोटांना ती हात न लावता कळली. पंचवीस वर्षं त्या पुड्यांवरून गिऱ्हाइकांची बोलणी खाल्ली होती तिनं. मग तिनं डाग बघितले. अंधारात कळी आणि फूल वेगळं करणारे डोळे होते ते. डाव्या डागात सगळं बरबटलेलं. उजव्या डागात एकच टोक नीट उमटलेलं, आणि ते बरोबर अंगाला वळलेलं.

छत्री.

तिच्या मनात काय काय आलं ते सांगायला हवं, कारण ती काही देवी नव्हती. पहिल्यांदा आला संताप. सकाळी याच माणसाला भाकरी थापून दिली आपण! मग आलं की गप्प बसावं. साहेबांना दिसत नाही, आबांना दिसत नाही. ‘कळत न्हाई’ म्हटलं की संपलं, मत बाद. सत्तावीस मतांची दरी भरायची होती आणि एकेक मत मोलाचं होतं. पण मघाशीच याच जाळीला धरून आपण काय ओरडलो? मळ्यातलं मत बाद न्हाई म्हणून. आपल्याविरुद्धचं मत तेवढं बाद असेल, तर मग आपल्यात आणि आबांत फरक काय राहिला?

“उजवीकडची फुली खरी हाय साहेब,” ती म्हणाली. “ते टोक बघा, खालचं. मत रूपालीचं.”

गर्गेसाहेबांनी भिंग लावलं, ते टोक शोधलं, सापडलं. मग चष्म्यावरून त्यांनी या बाईकडे पुरता एक क्षण बघितलं. “छत्री,” ते म्हणाले आणि कागद पलीकडे ठेवला.

“अगं येडे!” साळूबाई तिच्या कानाशी कुजबुजली.

“गप.”

त्रेचाळिसातली छत्तीस कपबशीची निघाली, सात छत्रीची. बेरीज दोनदा झाली. छत्री बाराशे एकवीस, कपबशी बाराशे तेवीस. नवसाबाई दोन मतांनी नगरसेवक झाली. आबांच्या बाकावरची गुलालाची पिशवी तशीच बांधलेली राहिली. साळूबाईनं ती सरळ उचलली आणि “वाया कशापाई घालवायचा?” म्हणून तिथंच सोडली.

संध्याकाळी घरी आली तेव्हा बहिरू ओट्यावर पुड्यांसाठी कागद फाडत बसला होता. निकाल त्याला कळला होता. तो उठला, गडबडला, पुन्हा बसला.

“लय चांगलं झालं,” तो म्हणाला.

नवसाबाई हातपाय धुऊन आली. त्याच्यासमोर बसली आणि कागद फाडू लागली. कपाळावर अजून गुलाल होता.

“तुमचं मत मोजून घेतलं मी,” ती म्हणाली.

बहिरूचे हात थांबले. तिनं कसं ओळखलं हे विचारायची त्याला गरज नव्हती. त्याची मान खाली गेली.

“द्येवापुढं बोललो व्हतो,” तो म्हणाला. “मोडवंना. शाळंत तासभर हुबा ऱ्हायलो म्या, रांगेतनं दोनदा भाईर आलो.”

“ठावं हाय मला. बाद करत व्हते, मी करू दिलं न्हाई.”

बहिरूनं डोळे पुसले. डाव्याच हातानं.

“राग आला असंल.”

“आला. अजून हाय,” नवसाबाई म्हणाली. “पुढल्या बारीला द्येवळात जायच्या आधी घरात इचारा. आणि घडी सरळ घालाया शिका.”

दुसऱ्या दिवशी ती नेहमीसारखी फुलं पोचवून आली. अकराचा सुमार. पारावर बाप्ये बसले होते, बोलणं कमी, चहा जास्त. आबा लिंबाला टेकून. बहिरूही होता, ओळीच्या टोकाला. नवसाबाई आली तशी सरळ पारापाशी गेली. तिच्या मागं साळूबाई आली, मग भागीबाई, मग पाट्या घेऊन एकेक करत आणखी बाया. कालपर्यंत खाली बघणाऱ्या. आज समोर बघत होत्या.

पारावर बाई कधी बसली नव्हती. कुणी बसायचं नाही असं म्हटलंही नव्हतं, कारण तशी वेळच आली नव्हती. बाप्यांनी एकमेकांकडे बघितलं. कुणी हललं नाही.

बहिरू सरकला. हातभर सरकला, शेजारच्यालाही कोपरानं सरकवलं, आणि बायकोला जागा करून दिली.

नवसाबाई पारावर बसली. पाटी मांडीवर घेतली.

“तर आबा,” ती खणखणीत आवाजात म्हणाली, “संडास. कुठं बांधायचा, ते ठरवू.”